‘पण नाव तेवढं नाही ना’ : अमेरिकेतल्या मराठी आईवडिलांना खुले पत्र

अमेरिकेतल्या मराठी आईवडिलांना,



मार्चअखेर आयव्ही लीगचे निकाल लागतात आणि १ मेपर्यंत कुठल्यातरी एका कॉलेजला होकार कळवावा लागतो. त्यामुळे मधला एप्रिल महिना माझ्या फोनला उसंत नसते. मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी विद्यापीठात प्री-लॉ सल्लागार आहे. पदवीनंतर वकिलीच्या शिक्षणाला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना अर्ज कसा करायचा, कुठे करायचा, कुठे करू नये हे सांगणं हे माझं पोटापाण्याचं काम. ही गोष्ट मराठी मंडळात कळली आणि तेव्हापासून गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतसुद्धा मला एकच प्रश्न येतो : “मुलगी लॉ करायचं म्हणतेय. मग कॉलेज कुठलं घ्यावं?” मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य तयार असतं : “स्टेटला चांगली स्कॉलरशिप मिळतेय, पण नाव तेवढं नाही ना.”

या ‘पण’ला रांगेत उभ्याउभ्या उत्तर देता येत नाही, मागचे लोक खोळंबतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते आहे. थोडं बोचेल. तुम्ही स्वतःच्या हिमतीवर या देशात बस्तान बसवलंत, मुलांसाठी रात्रीचा दिवस करता, याबद्दल मला आदरच आहे. माझी तक्रार आहे ती तुमच्या प्रश्नाबद्दल.

आधी जरा पाया पक्का करू. भारतातले वकिलीचे दोन रस्ते तुमच्या परिचयाचे आहेत. बारावीनंतर क्लॅट देऊन राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षं काढायची. नाहीतर आधी पदवी घेऊन मग सीईटी द्यायची आणि पुण्याच्या आयएलएसला किंवा मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजला तीन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा बोलते. आधीची पदवी फर्ग्युसनची की तालुक्याच्या कॉलेजची, याला तिथे भाव नाही. इथे कायदा पदवीनंतरच शिकता येतो. चार वर्षांची कुठलीही पदवी आणि मग तीन वर्षांची जे.डी. ही कायद्याची पदवी. अमेरिकन बार असोसिएशन त्यासाठी अमुकच विषय घ्या असं सांगत नाही. संगीत घेतलेली मुलं जातात, गणित घेतलेली जातात. आणि कृपा करून मला “चंद्रचूडसाहेब नाही का हार्वर्डला गेले” हे उदाहरण देऊ नका. माजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड दिल्लीत एलएल.बी. करून हार्वर्डला गेले ते एलएल.एम. आणि पुढे एस.जे.डी. करायला. ज्यांनी आपल्या देशात कायद्याची पदवी आधीच घेतली आहे त्यांची ती वाट. तिचे निकष निराळे, स्पर्धा निराळी. एडिसनमध्ये वाढलेल्या तुमच्या मुलीला जे.डी.ला जायचंय.

जे.डी.च्या प्रवेशात दोन आकडे सर्वांत जड : पदवीचा जीपीए आणि एलसॅट या परीक्षेतले गुण. एलसॅट १२० ते १८० या पट्टीवर मोजतात. बार असोसिएशनच्या नियम ५०९ प्रमाणे प्रत्येक लॉ स्कूलला दर डिसेंबरात आपल्या नव्या वर्गाचं कोष्टक जाहीर करावं लागतं. त्यात एलसॅट आणि जीपीए दोन्हींचा मीडियन, म्हणजे रांगेत बरोबर मधे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा आकडा, छापलेला असतो. येल आणि हार्वर्डचा एलसॅटचा मीडियन अलीकडे १७४-१७५च्या आसपास आहे आणि जीपीएचा ३.९च्या वर. हे कोष्टक कुणालाही फुकट बघता येतं. एकदा बघाच. त्यात वर्गातली मुलं कुठल्या कॉलेजांतून आली हे सांगणारा रकाना नाही.

‘यू.एस. न्यूज’च्या क्रमवारीच्या सूत्रातही तो नाही. त्या सूत्रात एलसॅट आणि जीपीए मिळून पूर्वी २० टक्के वजन होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये येल आणि हार्वर्डने क्रमवारीतून अंग काढून घेतलं, त्यांच्यामागे इतर अनेक लॉ स्कूल गेली, आणि २०२३ मध्ये हे वजन ९ टक्क्यांवर आलं. सूत्र बदललं, प्रवेश कचेऱ्यांची सवय फारशी बदललेली नाही. यंदाचा मीडियन मागच्या वर्षीपेक्षा घसरला तर डीनला माजी विद्यार्थ्यांना तोंड द्यावं लागतं. त्यामुळे ३.९ असलेला अर्जदार त्यांना हवा असतो, मग ते ३.९ मोठ्या नावाच्या कॉलेजातलं असो की ट्रेंटनजवळच्या एखाद्या सरकारी कॉलेजातलं. नामवंत कॉलेजातल्या ३.५ची अधिकाऱ्याला कदर असते, त्या मुलाबद्दल सहानुभूतीही असते, आणि तरीही तो अर्ज बाजूला सरकतो. त्याला तारायला एलसॅट १७५च्या वर लागतो. अशा एका पायावर उभ्या असलेल्या अर्जदारांना इथली मुलं ‘स्प्लिटर’ म्हणतात, आणि स्प्लिटरचा एप्रिल तुमच्यापेक्षाही वाईट जातो.

बरं, हा जीपीए तुमच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर छापलेला जीपीए नव्हे. एलसॅक ही संस्था सगळ्या गुणपत्रिका मागवते आणि स्वतःच्या नियमांनी तो नव्याने काढते. ए प्लसला ती ४.३३ धरते. म्हणजे जिथे ए प्लस देतात तिथल्या मुलाचा जीपीए चारच्या वर जाऊ शकतो. जिथे ए वर थांबतात तिथल्या मुलाला ती सोय नाही, कॉलेजचं नाव कितीही मोठं असो. पहिली पदवी हातात पडल्यानंतरचे ग्रेड ती या हिशोबात धरत नाही, त्यामुळे “मास्टर्स करून जीपीए सुधारून घेऊ” हा बेत पाण्यात जातो. आणि पदवीपूर्वी घेतलेलं प्रत्येक कॉलेज क्रेडिट मात्र धरते, हायस्कुलात असताना घेतलेलंसुद्धा.

मला सर्वांत जास्त राग येतो तो इथे. अकरावीतल्या पोराला “अर्जावर बरं दिसेल” म्हणून कम्युनिटी कॉलेजातलं कॅल्क्युलस घ्यायला लावता. सोबत रोबोटिक्स, भरतनाट्यम, वादविवाद, शनिवारची मराठी शाळा असतेच. त्यात त्याला सी मिळतो. कॉलेज प्रवेशात तो सी कुणी फारसा मनावर घेत नाही, तुम्हीही विसरता. पाच-सहा वर्षांनी एलसॅकच्या पत्रकावर तो हजर असतो आणि माझ्यासमोर बसलेला एकवीस वर्षांचा मुलगा विचारतो, “हे काढता येत नाही का?” येत नाही. सोळाव्या वर्षी आईबापांनी घ्यायला लावलेल्या विषयाचं ओझं असं कुणाकुणाच्या वाट्याला आलेलं मी पाहिलं आहे, आणि दर वेळी त्या घरच्या फोनवर नाव कुठलं, नाव कुठलं, हाच जप झालेला असतो.

नाव आणि ग्रेड एकमेकांच्या विरोधात कसे जाऊ शकतात, याचा धडा प्रिन्स्टनने घालून दिला. २००४ मध्ये तिथे ठरलं की पदवीच्या वर्गांत ए गटातले ग्रेड ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचे. हेतू चांगला होता : ग्रेडची सूज उतरवायची. मुलांची तक्रार होती की नोकरीच्या आणि पुढच्या शिक्षणाच्या अर्जात आम्ही इतर कॉलेजांतल्या मुलांच्या तुलनेत उगीच उणे दिसतो. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, विद्यापीठाने ते धोरण सोडून दिलं. आता हार्वर्ड कॉलेज बघा. तिथल्याच प्रशासनाने २०२५ मध्ये काढलेल्या अहवालात म्हटलं आहे की पदवीच्या वर्गांत दिल्या जाणाऱ्या ग्रेडपैकी सुमारे ६० टक्के ए असतात. वीस वर्षांपूर्वी ते प्रमाण पाव हिस्सा होतं. दोन्ही आयव्ही, दोन्हींचं नाव ऐकल्यावर पार्टीत तुमच्या भुवया सारख्याच उंचावणार. पण २००८ साली प्रिन्स्टनमध्ये शिकणारा मुलगा आणि आज हार्वर्डमध्ये शिकणारा मुलगा यांच्या जीपीएत बुद्धीचा भाग किती आणि प्रशासनाच्या ठरावाचा किती, हे सांगणं कठीण. आणि तुम्ही कॅम्पस टूरला गेलात की डायनिंग हॉलमध्ये भारतीय जेवण मिळतं का हे विचारता. इतिहास किंवा राज्यशास्त्र विभागात सरासरी ग्रेड काय पडतो, ए प्लस देतात का, हे विचारणारं मराठी कुटुंब मला अजून भेटायचं आहे.

तुमच्यातले चौकस लोक इथे मला अडवतील. “मग सुप्रीम कोर्ट बघा की,” म्हणतील. बघू. आज तिथे बसणाऱ्या नऊ न्यायमूर्तींपैकी आठ जण हार्वर्ड किंवा येल लॉ स्कूलचे. आणि पदवी? तिघांची प्रिन्स्टनची, दोघांची हार्वर्डची, एकाची येलची, एकाची कोलंबियाची. म्हणजे नवातले सात आयव्हीतले. उरले क्लॅरेन्स थॉमस, होली क्रॉस कॉलेजचे, आणि एमी कोनी बॅरेट, मेम्फिसच्या ऱ्होड्स कॉलेजच्या. त्या लॉ स्कूललाही नोट्रे डेमला गेल्या. मोठ्या लॉ स्कूलच्या वर्गांतही हेच दिसतं. चारदोन कॉलेजांची मुलं झुंडीने आणि बाकी कॉलेजांतून एकेक जण. हे मी नाकारत नाही. नाकारलं तर तुम्ही माझ्या बाकीच्या म्हणण्यावर विश्वास ठेवणार नाही आणि ठेवूही नये.

पण झुंड कशाने जमते ते तर बघा. जी मुलं सतराव्या वर्षी एसएटीत सर्वांत वर होती तीच एकविसाव्या वर्षी एलसॅटमध्ये वर असणार; गाळणी एकदा लागून गेलेली आहे. त्या कॉलेजांत ग्रेड सैल. तिथे माझ्यासारखी सल्लागार मूठभर मुलांमागे एक असते. माझ्याकडे मुलांची यादीच इतकी लांब की सप्टेंबरात आलेल्या निबंधाचा मसुदा वाचायला ऑक्टोबर उजाडतो. तिथल्या मुलाच्या खोलीशेजारी राहणाऱ्या मुलीचे वडील फेडरल न्यायाधीश असू शकतात, त्यामुळे लॉ क्लर्कशिप, म्हणजे न्यायाधीशाच्या हाताखालची उमेदवारी, म्हणजे काय हे त्याला जेवणाच्या टेबलावर कळतं. माझ्या मुलांना ते मी सांगेपर्यंत ठाऊक नसतं. हे सगळे फायदे खरे आहेत. ते सगळे एकत्र करून तुम्ही त्याला ‘नाव’ म्हणता, आणि तिथे आपली गल्लत होते.

नावाचं स्वतःचं वजन किती, याबद्दल माझं मत असं. येल आणि स्टॅनफर्डमध्ये एका वर्गात दोनशेच्या आसपास जागा असतात आणि दोन्ही आकडे उत्तम असलेले अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात. येलमध्ये अंतिम टप्प्यातल्या फायली प्राध्यापक स्वतः वाचून गुण देतात. तिथे शिफारसपत्र कुणी लिहिलं आहे, तो लिहिणारा वाचणाऱ्याच्या ओळखीचा आहे का, याने फरक पडतो आणि मोठ्या कॉलेजच्या मुलाला तो फायदा मिळतो. हार्वर्डला वर्ग मोठा, साडेपाचशेच्या पुढे, तिथे हे थोडं सौम्य होतं. कोलंबिया, एनवाययू, जॉर्जटाऊन यांच्याकडे आलात की आकडे इतके जोरात बोलतात की नावाचा आवाज त्यात हरवतो. ज्या चौदा लॉ स्कूलना इथे ‘टी-१४’ म्हणतात त्यांतल्या बहुतेकांना हेच लागू.

कॉलेज अजिबात बघत नाहीत असंही समजू नका. एलसॅकच्या पत्रकावर त्या कॉलेजातून अर्ज करणाऱ्यांचे ग्रेड कसे विभागलेले आहेत आणि त्यांची एलसॅटची सरासरी काय, हे वाचणाऱ्यासमोर येतं. म्हणजे सैल ग्रेड देणारं कॉलेज उघडं पडू शकतं. बर्कलेच्या लॉ स्कूलमध्ये १९९०च्या दशकात याहून पुढची पद्धत होती : अर्जदाराचं कॉलेज कोणतं यावरून त्याचा जीपीए सरळ वर किंवा खाली करायचे. स्टेट कॉलेजांतल्या आणि कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक कॉलेजांतल्या मुलांचे गुण त्यात खाली जात. १९९७ मध्ये हे उजेडात आलं, टीका झाली आणि त्यांना ती पद्धत मोडावी लागली. आज क्रमवारीला आणि कोष्टकाला कच्चा जीपीए लागतो, त्यामुळे वाचणाऱ्याने मनातल्या मनात काहीही वजाबाकी केली तरी छापायचा आकडा तोच राहतो. ही लबाडी माझ्या मुलांच्या पथ्यावर पडते. मी तिच्याविरुद्ध मोर्चा काढणार नाही.

एकाच लॉ स्कूलला जाणाऱ्या दोन वाटा बघायच्या तर सध्याच्या उपराष्ट्राध्यक्षांचंच घर घ्या. त्यांचं राजकारण बाजूला ठेवा, आपल्या मंडळात त्यावरून आधीच पुरेशी भांडणं आहेत. उषा व्हान्स येल कॉलेज करून, मधे केंब्रिजला जाऊन येल लॉ स्कूलला आल्या. जे. डी. व्हान्स मरीन कोअरमध्ये चार वर्षं काढून, ओहायो स्टेट या सरकारी विद्यापीठाची पदवी घेऊन त्याच वर्गात आले. दोघंही २०१३ चे पदवीधर. एक वाट रुंद होती, एक अरुंद, इतकं म्हणता येईल.

आता ‘नाव’ या तुमच्या कल्पनेकडे येते. तुमच्या लेखी नाव असलेलं कॉलेज म्हणजे पुण्यातल्या मावशीला ऐकून माहीत असलेलं. कॉलेजची निवड तुम्ही घराणं बघून स्थळ पसंत करावं तशी करता. विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना ही नावं घेतली की समोरचा चेहरा कोरा होतो. ही छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं आहेत, इथे वर्गात पंधरा-वीस मुलं असतात, प्रत्येक आठवड्याला काहीतरी लिहावं लागतं, आणि चौथ्या वर्षी प्राध्यापक मुलाबद्दल दोन पानं सहज लिहू शकतो. लॉ स्कूलच्या कचेऱ्यांत ही नावं चांगली परिचयाची आहेत. तुमच्या यादीत ती नसतात, कारण मावशीला सांगताना प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागेल. खरंच जर लॉ स्कूलसाठी नाव हवं असेल तर निदान लॉ स्कूलवाल्यांना माहीत असलेलं नाव तरी शोधा.

शिफारसपत्रांबद्दल एवढंच की अनेक लॉ स्कूलना दोन तरी लागतात आणि ती शिकवणाऱ्यांची असावीत अशी अपेक्षा असते. तीनशे मुलांच्या लेक्चर हॉलमध्ये मागच्या बाकावर बसून ए मिळवणाऱ्या मुलीला प्राध्यापकाचं पत्र मिळतं ते असं : “हिला माझ्या वर्गात ए मिळाला.” हे गुणपत्रिकेवर आधीच लिहिलेलं आहे. सरकारी विद्यापीठाचा हा धोका मी लपवत नाही. त्यावर उपाय असतात : ऑनर्स कॉलेज, सेमिनार, प्राध्यापकाच्या संशोधनात मदत. पण त्यासाठी मुलीला ऑफिस अवर्सना जाऊन दार ठोठावावं लागतं. मोठ्यांशी न घाबरता बोलायची सवय घरी लागते. घरी तुम्हीच तिच्या वतीने बोलत असाल तर ती कुठून लागणार?

दुसरी तक्रार इंजिनिअरिंगची. “लॉ करू दे, पण आधी कम्प्युटर सायन्स करू दे. हाताशी असलेलं बरं.” हे वाक्य मला तोंडपाठ झालं आहे. ज्या मुलाला कोडिंग मनापासून आवडतं त्याने जरूर करावं. पेटंटच्या वकिलीत इंजिनिअरिंगची पदवी सोन्याची ठरते, कारण पेटंट कार्यालयाची परीक्षा द्यायला विज्ञान-तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी लागते. पण ज्याला तो विषय नकोसा आहे, जो तुमच्या समाधानासाठी डेटा स्ट्रक्चर्समध्ये बी मायनसवर तग धरून आहे, त्याचा जीपीए चौथ्या सेमिस्टरपर्यंत ३.३ झालेला असतो. त्याने इतिहास घेतला असता तर तो ३.९ वर असता, आणि वाचणं-लिहिणं शिकला असता ते वेगळंच. विषय कठीण होता म्हणून लॉ स्कूल जीपीएत पाच-दहा शतांश वाढवून देत नाही. तो कठीण होता हे वाचणाऱ्याला दिसतं, तो मान डोलावतो आणि पुढची फाईल उघडतो. तुम्ही कॉलेजच्या नावावर महिनोन् महिने वाद घालता. विषयाच्या निवडीने त्याच्या दुप्पट फरक पडतो, आणि ती निवड तुम्ही एका रात्रीत, जेवणाच्या टेबलावर, मुलाला न विचारता केलेली असते.

कला, साहित्य, तत्त्वज्ञान हे विषय म्हणजे ज्यांना काही जमत नाही त्यांचे, हा समज तुम्ही मुंबई-पुण्याहून विमानात बसताना सोबत घेऊन आलात. एलसॅट हातात घेऊन बघा. ऑगस्ट २०२४ पासून त्यातले कोड्यांचे, म्हणजे लॉजिक गेम्सचे प्रश्न गेले. इंजिनिअरांच्या मुलांना तेच तेवढे आवडायचे. आता उरलं ते युक्तिवाद तपासणं आणि दाट उतारे वाचून समजून घेणं. हे तीन महिन्यांच्या क्लासने थोडं वाढतं. मुळात ते वर्षानुवर्षं वाचणाऱ्यालाच येतं. तुमच्या घरी एसएटीच्या पुस्तकांचा ढीग असतो. मुलीने शेवटचं जाड पुस्तक शाळेबाहेर कधी वाचलं, हे विचारलं की तुम्ही तिच्याकडे बघता आणि ती फोनकडे.

आता पैसा. याबद्दल आपण मराठी माणसं उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलते. नामवंत खासगी कॉलेजचा वर्षाचा एकूण खर्च आज ९० हजार डॉलरच्या आसपास गेला आहे. न्यू जर्सीच्या रहिवाशाला रटगर्सला राहण्याजेवणासकट त्याच्या निम्म्याहून कमी लागतात, स्कॉलरशिप धरण्याआधी. हे खरं की अगदी श्रीमंत कॉलेजं उत्पन्न बघून मदत करतात : हार्वर्डने २०२५ पासून दोन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना ट्यूशन माफ केली, प्रिन्स्टनने अडीच लाखांपर्यंतच्या बहुतेक कुटुंबांना. तुमचं उत्पन्न त्या रेषेखाली असेल आणि मुलीला तिथे प्रवेश मिळाला असेल, तर हे पत्र इथेच घडी घालून ठेवा आणि तिला पाठवा. पण दोघंही आयटीत असलेल्या घरांपैकी बरीच घरं त्या रेषेच्या वर आहेत. शिवाय तुमच्यातल्या अनेकांसमोरचा पर्याय हार्वर्डचा नसतोच. तो असतो पन्नासाव्या क्रमांकाच्या एखाद्या खासगी कॉलेजचा, पूर्ण फी भरून, कारण ते ‘प्रायव्हेट’ आहे. त्या कॉलेजच्या नावाने लॉ स्कूलच्या दारात काडीचाही फरक पडत नाही. तिथे तीन लाखांहून अधिक डॉलर घालवणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, थांबा.

थांबा, कारण खरा खर्च पुढे आहे. वरच्या लॉ स्कूलची ट्यूशनच वर्षाला ८० हजारांच्या आसपास आहे आणि तीन वर्षं न्यूयॉर्कमध्ये किंवा बॉस्टनमध्ये राहायचं आहे. आतापर्यंत केंद्र सरकारच्या ग्रॅड प्लस कर्जातून मुलं पूर्ण खर्च भागवत. जुलै २०२५ च्या कायद्याने ती सोय १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. आता वकिलीच्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाखांपर्यंतच. वरची रक्कम घरून किंवा खासगी बँकेकडून. म्हणजे कॉलेजवर वाचवलेला प्रत्येक डॉलर लॉ स्कूलच्या वेळी कामी येणार आहे. ज्या मुलीवर कॉलेजचं कर्ज नाही तिला कोलंबियाही परवडू शकतं, किंवा एखाद्या किंचित खालच्या लॉ स्कूलची पूर्ण स्कॉलरशिप नाकारायची की घ्यायची हे शांतपणे ठरवता येतं. आधीच कर्जात असलेल्या मुलीला सगळे निर्णय हप्त्यांकडे बघून घ्यावे लागतात. मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाचा पगार २ लाख २५ हजार डॉलर असतो, हे खरं. पण नेवार्कमध्ये पब्लिक डिफेंडर व्हायचं स्वप्न घेऊन आलेल्या मुलांना मी त्या फर्ममध्ये नाइलाजाने जाताना पाहिलं आहे.

आणि टी-१४ तरी कशासाठी, हेही एकदा घरी बोला. मोठ्या फर्म, क्लर्कशिप, प्राध्यापकी यांसाठी लॉ स्कूलचं नाव जबर लागतं, अगदी निर्दय रीतीने लागतं. इतर पुष्कळ वकिलीला लागत नाही. तुमचं ग्रीन कार्ड ज्या वकिलाने करून दिलं त्याने बी.ए. कुठे केलं, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं होतं का? लॉ स्कूलचं नावसुद्धा आठवतं का?

घाईबद्दल एक शब्द. कॉलेज संपलं की लगेच लॉ स्कूल, मधे रिकामं वर्ष नको, हा तुमचा आग्रह असतो. हार्वर्ड लॉ स्कूलच्या वर्गात बहुसंख्य मुलं मधे एक-दोन वर्षं तरी नोकरी करून आलेली असतात. एखाद्या निर्वासित केंद्रात, महापौरांच्या कचेरीत, वर्तमानपत्रात दोन वर्षं काम केलेल्या मुलीच्या अर्जात सांगण्यासारखं काही असतं, आणि तोपर्यंत तिच्या कॉलेजचं नाव आणखी मागे गेलेलं असतं. मंडळात “सध्या काय करते?” असं कुणी विचारेल या भीतीने तिला ढकलू नका.

तर विनंत्या. कॉलेजला भेट द्याल तेव्हा विभागाच्या ग्रेडबद्दल विचारा आणि तिथे प्री-लॉ सल्लागार आहे का, एकामागे किती मुलं आहेत, हे विचारा. हायस्कुलात असताना ‘दिसायला बरं’ म्हणून कॉलेजचा विषय घ्यायला लावू नका. विषय तिला निवडू द्या, आणि तिने तत्त्वज्ञान निवडलं तर पार्टीत ते दबक्या आवाजात सांगू नका. खर्चाचं गणित सात वर्षांचं मांडा, चारचं नव्हे. आणि ती सतरा वर्षांची आहे, दुसऱ्या वर्षी तिला वकिली नको, भूगर्भशास्त्र हवं असं वाटू शकतं, याला घरात जागा ठेवा. तसं झालं तर लॉ स्कूलसाठी म्हणून घेतलेल्या महागड्या नावाचं तुम्ही काय करणार आहात?

शेवटची विनंती माझ्या सोयीची. मुलगी आमच्या विद्यापीठात आली की तिच्या ग्रेडबद्दल मला फोन करू नका. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या १९७४ च्या फेर्पा कायद्याप्रमाणे त्या नोंदींवरचा हक्क आता तिचा आहे, आणि तिच्या परवानगीशिवाय मी तुम्हाला काहीही सांगणार नाही, अगदी आपण एकाच गावचे असलो आणि तुम्ही चकल्या पाठवल्यात तरीही. चकल्यांना माझी ना नाही. पण भेटीची वेळ तिलाच घेऊ द्या, स्वतःच्या ईमेलवरून, आणि तो ईमेल तुम्ही तपासून देऊ नका. सोमवारी मी कचेरीत नसते.



आपली,
एक प्री-लॉ सल्लागार
न्यू जर्सी